पंचाहत्तर टक्के हजेरी : शिस्त की चाळणी?

वऱ्हाडात ऑक्टोबर उजाडला की दोन याद्या लागतात. एक बाजार समितीच्या फलकावर सोयाबीनच्या भावाची. दुसरी महाविद्यालयाच्या सूचना फलकावर 'हजेरी कमी' असलेल्या विद्यार्थ्यांची. पहिल्या यादीतला भाव ज्यांच्या घराला परवडत नाही, त्याच घरातली पोरं-पोरी दुसऱ्या यादीत सापडतात. हा योगायोग आहे असे कुणाला वाटत असेल तर त्याने अमरावती आणि अकोला जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यात सोंगणीच्या आठवड्यात एक चक्कर मारून यावी. वावर दुसऱ्याचे, रोजी आपली आणि कॉलेजात त्याच दिवशी गैरहजेरीची खूण!

यादी लागली की विद्यार्थी धावपळ करू लागतात. कुणी प्राचार्यांच्या दालनाबाहेर उभा असतो, कुणी बाबूच्या टेबलापाशी. शेवटी काही जण वकिलाकडे येतात. माझ्याकडे दरवर्षी अशी मुले-मुली येतात. त्यांच्या हातात एकच कागद असतो : 'आपली उपस्थिती ७५ टक्क्यांपेक्षा कमी असल्याने आपणास परीक्षेस बसता येणार नाही.' त्या कागदावर कोणत्या महिन्यात किती तास झाले, किती तासांना विद्यार्थी नव्हता, का नव्हता, याआधी त्याला कधी कळवले होते का, यातले एक अक्षरही नसते. चोरीच्या आरोपीलासुद्धा आरोपपत्राची प्रत मिळते. आमच्या विद्यार्थ्याला ती मिळत नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. वर्गात बसण्याचे महत्त्व नाकारण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे शाळेच्या ओट्याखाली उभे केले गेले, त्या समाजाने वर्गात बसण्याचा हक्क भांडून मिळवला आहे. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसून शिकलेल्या भीमरावांना बाकाची किंमत ठाऊक होती. विद्यापीठाने नुसत्या परीक्षा घेणारे दुकान होऊ नये, तिथे खरे अध्यापन आणि संशोधन व्हावे, ही भूमिका बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेची चर्चा चालू असताना ठामपणे मांडली होती. तेव्हा पानटपरीवर आणि मोबाईलच्या पडद्यावर सेमिस्टर घालवून 'आमच्यावर अन्याय झाला' म्हणणाऱ्याची वकिली मी करणार नाही. प्रश्न वेगळा आहे. जो येऊ शकत नाही आणि जो येत नाही, या दोघांना एकाच यादीत टाकणारा नियम न्याय्य आहे काय?

'सक्ती' हा शब्द आपल्या परंपरेत वाईट नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, अशी मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. ही सक्ती कशासाठी होती? मूल आत यावे म्हणून. त्यासाठी राज्याने स्वतःवर जबाबदारी घेतली, गावोगाव शाळा काढल्या आणि वसतिगृहे उभी केली. आजची पंचाहत्तर टक्क्यांची सक्ती नेमकी उलट दिशेने चालते. विद्यार्थी आला नाही तर त्याला आत कसे आणायचे हे ती विचारत नाही. त्याला बाहेर कसे काढायचे तेवढे सांगते. सक्ती तीच, पण तिचे तोंड फिरवले की दरवाजाची भिंत होते.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००३ साली पहिल्या पदवीसाठी अध्यापनाची किमान मानके ठरवणारे नियम केले. परीक्षेला बसण्यासाठी किती तासांना हजर राहायचे हे विद्यापीठाने ठरवावे आणि ते प्रमाण सर्वसाधारणपणे ७५ टक्क्यांपेक्षा कमी नसावे, असे त्यात होते. पण त्याच नियमांत आणखी एक वाक्य होते. वर्षभरात प्रत्यक्ष अध्यापनाचे दिवस १८० पेक्षा कमी होता कामा नयेत! म्हणजे एक अट विद्यार्थ्यावर आणि एक अट संस्थेवर. विद्यार्थ्यावरची अट सूचना फलकावर लागली. संस्थेवरची अट कपाटात राहिली. १८० दिवस शिकवले नाही म्हणून किती प्राचार्यांना 'परीक्षेस बसता येणार नाही' असा कागद मिळाला?

हा नुसता टोमणा नाही, त्यामागे साधे गणित आहे. एका विषयाचे सेमिस्टरमध्ये ६० तास व्हायला हवेत असे समजा. विद्यार्थी १५ तास बुडाला. त्याची हजेरी ६० पैकी ४५, म्हणजे बरोबर ७५ टक्के. तो पात्र ठरला. आता त्याच विषयाची जागा रिकामी आहे, तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक उशिरा नेमला गेला आणि प्रत्यक्ष तास झाले ४०. विद्यार्थी तेवढेच १५ तास बुडाला. त्याची हजेरी ४० पैकी २५, म्हणजे साडेबासष्ट टक्के. तो अपात्र! विद्यार्थ्याची गैरहजेरी एका तासानेही वाढली नाही. वाढली ती संस्थेची गैरहजेरी आणि शिक्षा झाली विद्यार्थ्याला. रिक्त पदांवर तासिका तत्त्वाची ठिगळे लावून चालणाऱ्या आपल्या भागातल्या महाविद्यालयांत हा प्रकार नेहमीचा आहे. हजेरीची टक्केवारी काढताना छेदात कोणता आकडा धरला, हे कुणी विचारत नाही. विद्यार्थ्यांनो, आधी तेच विचारा.

दुसरा मुद्दा येण्या-जाण्याचा. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे क्षेत्र अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम अशा पाच जिल्ह्यांत पसरले आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरातला कोरकू विद्यार्थी आणि अमरावती शहरातल्या कॅम्प भागातला विद्यार्थी यांना एकच घंटा लागू. २०१७ साली अकोला-अकोट मीटरगेज गाडी रुंदीकरणासाठी बंद झाली. ब्रॉडगेजवर प्रवासी गाडी धावायला नोव्हेंबर २०२२ उजाडले. मधली वर्षे अकोट तालुक्यातून अकोल्याला शिकायला येणाऱ्या मुलामुलींनी एस.टी. आणि काळी-पिवळीच्या भरवशावर काढली. त्यातच २०२१ च्या ऑक्टोबरअखेरपासून एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या रास्त होत्या, त्याबद्दल वाद नाही. पण त्या काळात खेड्यातली मुलगी कॉलेजला जाणार कशाने? ज्याच्या दारात मोटारसायकल आहे त्याची हजेरी भरली. जिच्याकडे फक्त एस.टी.चा पास होता तिची हजेरी बुडाली. मुलींच्या बाबतीत तर शेवटची गाडी चुकण्याच्या भीतीनेच घरचे लोक शिक्षण थांबवतात.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि तो सर्वांत जीवघेणा आहे. राज्य सरकारने २०१६-१७ या शैक्षणिक वर्षापासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि निर्वाहासाठी थेट खात्यात रक्कम द्यायची, अशी ही योजना. अमरावती-अकोल्यासारख्या महापालिका शहरांसाठी ती रक्कम योजना सुरू झाली तेव्हा वर्षाला ५१ हजार रुपये ठरली : भोजनाचे २८ हजार, निवासाचे १५ हजार आणि निर्वाहाचे ८ हजार. योजना चांगली आहे. तिच्यात अट आहे ७५ टक्के उपस्थितीची. अटही चांगली आहे, जर पैसे वेळेवर आले तर! पण पैसे वर्ष सरत आले तरी येत नाहीत, असा अनुभव विद्यार्थी वर्षानुवर्षे सांगत आहेत आणि त्यासाठी समाजकल्याण कार्यालयांवर मोर्चे काढत आहेत.

मग काय होते? खोलीचे भाडे दर महिन्याला द्यावे लागते. खानावळवाला महिन्याची उधारी थांबवतो. विद्यार्थी सकाळी वर्तमानपत्रे टाकतो, रात्री हॉटेलात काम करतो, लग्नसराईत केटरिंगच्या ताटल्या उचलतो. दुपारच्या तासाला डोळा लागतो, सकाळचा तास बुडतो. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली. आता 'उपस्थिती कमी' म्हणून स्वाधारही अडले. सरकारने पैसे उशिरा दिले म्हणून हजेरी बुडाली आणि हजेरी बुडाली म्हणून सरकारने पैसे रोखले! कायद्याच्या भाषेत सांगायचे तर स्वतःच्या कसुरीचा फायदा कुणालाही घेता येत नाही. हे तत्त्व आपण सावकाराला लावतो, घरमालकाला लावतो. ते समाजकल्याण खात्याला का लावायचे नाही?

याच सरकारची आणखी एक योजना पाहा. १९९२ साली दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी 'उपस्थिती भत्ता' सुरू झाला. हजेरी ७५ टक्के भरली तर दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. हेतू उत्तम होता. मुलगी धुण्या-भांड्याला न जाता शाळेत यावी. पण पुढे पंचवीसहून अधिक वर्षे तो रुपया रुपयाच राहिला. आमदारांचे भत्ते वाढले, पेट्रोल वाढले, पाटीची पेन्सिल वाढली. सावित्रीमाईच्या लेकीच्या हजेरीची किंमत वाढली नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली पालकाला महिन्याला एक रुपया दंड लावला, तेव्हा त्या रुपयाला वजन होते. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी स्वतंत्र भारताचे कल्याणकारी राज्य दिवसाचा रुपया ठरवते आणि वर्षानुवर्षे तिथेच थांबते, यावरून दोघांच्या मनातला फरक कळतो.

आता चाळणीची दुसरी बाजू. अकोला हे वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाच्या खासगी क्लासचे मोठे केंद्र झाले आहे. अकरावी-बारावीला नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि विद्यार्थी दिवसभर क्लासमध्ये, ही पद्धत राज्यभर इतकी बोकाळली की २०१८ साली शासनाला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. क्लासची लाखाची फी भरणाऱ्याची हजेरी महाविद्यालयाच्या मस्टरवर आपोआप भरते. तो एकही दिवस न येता नियमित ठरतो. आणि सोंगणीला गेलेला, खरोखर रोज येण्याची इच्छा असलेला मुलगा अनियमित ठरतो. नियम सर्वांना सारखा आहे म्हणतात! राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ चा अर्थ विषम स्थितीतल्या माणसांना एका मापाने मोजणे असा नाही. एन. एम. थॉमस खटल्यात १९७६ सालीच सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले आहे. अनुच्छेद ४६ तर अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक हित विशेष काळजीने जोपासण्याचे कर्तव्य राज्यावर टाकतो.

न्यायालयांचा अनुभव मात्र संमिश्र आहे. हजेरीच्या प्रकरणांत न्यायालये बहुधा संस्थेच्या बाजूने उभी राहतात, हे मी अशिलांना आधीच सांगतो. तरीही उजेडाच्या काही जागा आहेत. आयआयटी दिल्लीतून आवश्यक क्रेडिट न मिळाल्याने काढून टाकलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांचे प्रकरण २००९ साली सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने अनुच्छेद ४६ ची आठवण करून देत त्यांना पुन्हा संधी देण्याची भूमिका घेतली. अगदी अलीकडे, ३ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने विधी शिक्षणाबाबत महत्त्वाचा निर्णय दिला. २०१६ साली हजेरी कमी म्हणून परीक्षेपासून रोखलेल्या एका विधी विद्यार्थ्याने जीवन संपवले होते, त्यातून हे प्रकरण उभे राहिले. केवळ हजेरी कमी आहे म्हणून विधीच्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसण्यापासून रोखू नये, दर आठवड्याला हजेरी कळवावी, दर महिन्याला पालकांना सूचना द्यावी, तूट भरून काढण्यासाठी जादा वर्ग घ्यावेत आणि शेवटी दंड करायचाच तर तो थोड्या गुणांपुरता असावा, असा त्या निर्णयाचा आशय. हा निर्णय विधी महाविद्यालयांपुरता आहे आणि त्यावर मतभेदही आहेत. पण त्यातले तत्त्व बी.ए., बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला परके नाही. आधी कळवा, मग ऐका, मग भरपाईची संधी द्या, आणि शिक्षा ही कसुरीच्या मापाची असू द्या.

विधी शिक्षणाचा विषय निघाला म्हणून सांगतो. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ७० टक्के हजेरी आहे, अपवादात्मक कारणासाठी प्राचार्य ६५ टक्क्यांपर्यंत सवलत देऊ शकतात. वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत घ्यायचे. म्हणजे नोकरी करून रात्री वकिली शिकण्याची वाट बंद. आपल्या समाजातले जुने वकील आठवा. किती जण दिवसा कारकुनी, गिरणी किंवा मास्तरकी करून कायदा शिकले! बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले. कारण शिकू इच्छिणारा तरुण दिवसा नोकरीवर जातो, हे त्यांना माहीत होते. त्यांनी विद्यार्थ्याच्या पोटाकडे पाहून घंटेची वेळ बदलली. आज घंटेकडे पाहून विद्यार्थ्याचे नाव खोडले जाते.

आणि स्वतः बाबासाहेबांची हजेरी? बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने त्यांना काय सांगितले? ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत या आणि अभ्यास पुढे चालवा. बाबासाहेब १९२० साली परत गेले. १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली डी.एस्सी. परक्या साम्राज्याच्या राजधानीतल्या विद्यापीठाने एका गरीब अस्पृश्य विद्यार्थ्याची जागा राखून ठेवली. त्या दिवशी कुणी 'उपस्थिती अपुरी' असा शेरा मारून नाव खोडले असते तर? संविधान सभेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर कोण बसले असते, याचा विचार प्रत्येक प्राचार्याने करावा.

आता नवे शैक्षणिक धोरण म्हणते, आम्हीही तेच देतो आहोत. क्रेडिट बँकेत जमा राहतील, विद्यार्थी मध्येच बाहेर पडू शकेल, पुन्हा येऊ शकेल. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. कागदावर हे बाबासाहेबांना मिळालेल्या सवलतीसारखे दिसते. पण सावध राहा. आधी हजेरीच्या अटीने विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखायचे, परीक्षा नाही म्हणून क्रेडिट नाही, क्रेडिट नाही म्हणून वर्ष वाया, आणि तो कंटाळून गेला की नोंद करायची : 'विद्यार्थ्याने स्वेच्छेने बाहेर पडण्याचा पर्याय निवडला'. पूर्वी याला गळती म्हणत. गळतीचा निदान सरकारला जाब विचारता येत होता. पर्यायाचा जाब कुणाला विचारणार?

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक महाविद्यालयाने दर महिन्याला विषयवार ठरलेले तास, प्रत्यक्ष झालेले तास आणि प्रत्येकाची हजेरी जाहीर करावी. ठरलेले तास झाले नसतील तर त्याचा तोटा विद्यार्थ्याला होऊ नये, अशी टक्केवारी काढावी. शिष्यवृत्ती किंवा स्वाधारचा हप्ता जितके महिने थकला, तितक्या महिन्यांची तूट विद्यार्थ्याच्या नावे लावू नये. कमवा आणि शिका योजनेतले काम, शेतीचा हंगाम, आजारपण, बाळंतपण आणि वाहतूक बंद असणे ही कारणे लेखी नियमात यावीत. हजेरी माफीचा निर्णय एकट्या प्राचार्यांच्या मर्जीवर न सोडता समितीने घ्यावा आणि तिच्यात अनुसूचित जाती-जमातीचा व महिला सदस्य असावा. परीक्षेआधी जादा वर्ग घेऊन तूट भरण्याची संधी बंधनकारक करावी. आणि सर्वांत मुळातली मागणी वसतिगृहांची. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढून सर्व जातींची मुले एका छताखाली आणली, तेव्हा त्यांनी हजेरीचा प्रश्न मुळाशी सोडवला होता. खोली कॉलेजजवळ असेल तर हजेरीची सक्ती करावीच लागत नाही.

विद्यार्थ्यांनाही चार शब्द. गैरहजर राहण्याची वेळ आली तर त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले कोर्टात टिकत नाही. एस.टी. बंद असेल तर आगाराचे पत्र घ्या, मजुरीला गेला असाल तर ग्रामपंचायतीचा दाखला घ्या. अनुदानित महाविद्यालयाला माहिती अधिकार कायदा २००५ लागू आहे. दहा रुपयांच्या अर्जावर हजेरीपटाची आणि झालेल्या तासांची प्रत मागता येते. उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणून यादी लागायची वाट पाहू नका, सेमिस्टरच्या मध्यावरच अर्ज टाका. एकेकट्याने प्राचार्यांच्या दारात रडण्यापेक्षा दहा जणांनी मिळून निवेदन द्या. आणि कारण नसताना एकही तास बुडवू नका. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेपुढे नाचून बाबासाहेबांची हजेरी लागत नाही, ती ग्रंथालयात लागते.

विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते गाडगेबाबा याच वऱ्हाडाचे. पैसे नसतील तर जेवणाचे ताट विका, हातावर भाकर घ्या, पण पोराला शाळेत घाला, असे ते गावोगाव सांगत फिरले. आमच्या आई-बापांनी ते ऐकले. ताटे विकली, डोरली मोडली, वावर गहाण टाकले आणि पोरांना अमरावती-अकोल्याला पाठवले. त्या पोरांना एका टक्केवारीच्या कागदावर परत गावी पाठवण्याचा अधिकार गाडगेबाबांचे नाव लावणाऱ्या विद्यापीठाच्या कोणत्याही महाविद्यालयाने, त्या पोरांना शिकवण्याचे स्वतःचे कर्तव्य शंभर टक्के पार पाडल्याशिवाय, वापरू नये. विद्यार्थ्याची हजेरी जरूर घ्या. पण आधी संस्थेची आणि सरकारची हजेरी घेतली जाऊ द्या!